जोडीचा बँड आणि मधली फळी

गुरुपादअण्णांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली तर ते ती उघडत नसत. हळदीकुंकवाचा कोपरा अंगठ्यानं चाचपत विचारायचे, "बँड कुणाचा?"

नवरा कुठला, नवरी कुणाची, मुहूर्त कधीचा, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. समोरच्यानं सिनेमातली गाणी ओळीनं वाजवणाऱ्या एखाद्या बँडचं नाव घेतलं, की पत्रिका गल्ल्यामागे सरकायची. "बरं बरं. घरातली येतील की." एकदा तर सख्ख्या साडूला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "आहेर धाडतो. कान न्हाय धाडत." साडू वर्षभर घरी फिरकला नाही. अण्णांच्या लक्षातही आलं नाही.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. कुर्डुवाडीहून बदली होऊन मी सोलापुरात आलो आणि बाळीवेशीत अण्णांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. मी हायस्कुलात शिकवत असल्यामुळे पहिल्याच दिवशी 'मास्तर' झालो. दुकान बैलांच्या सामानाचं. दोरखंड, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, चाबूक. आत पाऊल टाकलं की अंबाडीच्या वासानं शिंक यायची. खरं म्हणजे दुकानं दोन होती. वडिलांच्या माघारी त्या एका दुकानात मधोमध लाकडी फळी उभी राहिली होती. अलीकडे अण्णा, पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ मल्लिनाथ. दोघांकडे तोच माल, त्याच भावात. गिऱ्हाईक बिचारं बुचकळ्यात पडायचं आणि शेवटी ज्या बाजूला सावली असेल तिकडे शिरायचं.

तर बँड. अण्णांच्या मते जगात एकच बँड होऊन गेला, नरसय्या आणि हुसेनभाई यांचा. गावात त्याला जोडीचा बँड म्हणत. नरसय्या विणकराच्या घरातला, क्लॅरिनेट वाजवायचा. हुसेनभाई ट्रंपेटवर. हे दोघं इतरांसारखंच सिनेमातलं गाणं सुरू करायचे, पण अंतऱ्याच्या तोंडाशी आले की गाणं सोडून द्यायचे. मग नरसय्या डोळे मिटून जो निघायचा तो कुठे जाईल याचा नेम नसे. हुसेनभाई त्याची वाट अडवायचा, सोडायचा, पुन्हा पुढच्या वळणावर गाठायचा. ढोलवाला मधेच असल्या विचित्र तालात शिरायचा, की नाचणारी पोरं एकमेकांवर आदळायची. वरात एका चौकात अडकली की हलायचं नाव नाही. घोडा उभ्या उभ्या पेंगायचा. नवऱ्या मुलाच्या कपाळावर मुंडावळ्या घामानं चिकटायच्या. वधूपिते कपाळाला हात लावायचे आणि अण्णांसारखे पाचपन्नास लोक, ज्यांचा त्या लग्नाशी काडीचा संबंध नाही, गर्दीत उभे राहून माना डोलवायचे. अण्णा अशा वरातीमागे गावभर चालायचे आणि मांडवाच्या दारातून परत फिरायचे. जेवणाला कधी थांबले नाहीत. "बिनबोलावता जेवनार कसं वो? कानाचं जेवन झालंय की!"

ही जोडी फुटली होटगीच्या एका लग्नात. गोरज मुहूर्त. नवरदेव मांडवाच्या दाराशी आला आणि नेमका तेव्हाच नरसय्या डोळे मिटून निघाला. सूर्य खाली चालला, भटजी ओरडायला लागले, मुलीच्या बापानं हात जोडले. नरसय्याला कशाचाच पत्ता नाही. अखेर हुसेनभाईनं ट्रंपेट उंच धरून, जोडी नेहमी शेवटी वाजवायची ती धून वाजवून टाकली. नरसय्यानं डोळे उघडले. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पेटीत ठेवले आणि बँडच्या लाल डगल्यातच होटगी स्टेशनकडे चालू लागला. तेव्हापासून गावात दोन बँड झाले. दोघंही वेळेवर सुरू करत, वेळेवर संपवत, सिनेमाची गाणी ओळीनं वाजवत. धंदा दोघांचाही चांगला चालला. दुःखी झाले ते फक्त अण्णा आणि मल्लिनाथ.

जोडी पुन्हा एकत्र येणार का, हा त्या दुकानातला कायमचा विषय होता. अण्णा नरसय्याच्या बाजूचे. "येनार! हुसेनभाई एक दिवस त्याच्या दारात जानार. कलाकाराला मधी तोडायचं नसतं, हे कळनार त्याला." मल्लिनाथ हुसेनभाईच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, मुहूर्त टळला असता तर त्या पोरीच्या बापानं काय करायचं? चूक नरसय्याची आणि तो हट्टी, तेव्हा जोडी जमणं शक्य नाही.

पण हे दोघं हे एकमेकांना सांगत नसत. मला सांगत. फळीच्या तोंडाशी एक पायरी होती, शाळेतून आलो की मी तिच्यावर टेकायचो. अण्णा म्हणायचे, "मास्तर, पलीकडं सांगा की, हुसेनभाईची फुंक लई जोरकस व्हती, पन कान नरसय्याचाच." फळी इतकी पातळ, की पलीकडे सुपारी कातरली तरी अलीकडे ऐकू यायची. तरी मी मान वळवून ते वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत मल्लिनाथ ढिम्म बसून राहायचा. मग म्हणायचा, "पलीकडच्यांना इचारा, नुसत्या कानानं वरात मांडवात जाती व्हय?" मी ते इकडे पोचवायचो. बी. ए. बी. टी. झालेल्या माणसाला सोलापुरानं हे काम दिलं. दिवाळीला गावी जाऊन आलो तेव्हा दोघांनी माझं असं स्वागत केलं, की मी परदेशाहून आलो असं वाटावं. ज्या वाक्यावर सोडून गेलो होतो, त्याच वाक्यापासून वाद पुढे सुरू झाला.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते हे एव्हाना कळलंच असेल. बरं, भांडण कशावरून, तर ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. वाटणी पंचांसमोर शांतपणे झाली होती, कुणी आवाज चढवला नव्हता. पहिल्या दिवशी दोघं अवघडले, दुसऱ्या दिवशी आधी कोण बोलणार म्हणून थांबले आणि थांबता थांबता वर्षं गेली. अख्खी गल्ली गुरुपादांना अण्णा म्हणायची. ज्याचा तो हक्क होता तो मल्लिनाथ मात्र 'पलीकडचे' म्हणायचा. घरात कानडी, थोरल्या भावाला अण्णा म्हणायची रीत. एकदा घुंगरमाळ ओवता ओवता अण्णा बोलून गेले, "ल्हानपनी खांद्यावर घेऊन पळायचो त्याला, ह्याच बँडच्या मागं. तम्मा म्हनायचो." कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मग त्यांनी माळेची गाठ दातानं आवळली आणि म्हणाले, "ते जाऊ द्या, मुद्द्याचं बोला." मुद्दा म्हणजे बँड.

आणि एके दिवशी बातमी आली. सुताचा एक मोठा व्यापारी मुलीचं लग्न काढत होता. त्यानं नरसय्या आणि हुसेनभाई, दोघांच्याही घरी जाऊन सांगितलं, वाजवायचं तर दोघांनी मिळून, नाहीतर बिनवाजंत्रीचं लग्न लावतो. दोघांनी विडा घेतला. गल्ली अण्णांचं अभिनंदन करायला लोटली. इतकी वर्षं एकटा माणूस 'येणार, येणार' म्हणत होता, तो खरा ठरला होता!

अण्णांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "इडा घेतला म्हंजी काय झालं? यायचे न्हाईत. नरसय्याला मी वळखतो."

मी चक्रावलो. पण सवयीनं मान वळवून पलीकडे सांगितलं. पलीकडून मल्लिनाथ म्हणाला, "त्यांना सांगा, येनार म्हंजी येनार!"

एका रात्रीत दोघांनी बाजू बदलल्या होत्या. आता अण्णा जोडी कशी जमणार नाही ते पटवत होते, आणि जन्मभर 'शक्य नाही' म्हणणारा मल्लिनाथ ती जमणारच म्हणून हटून बसला होता. मला हसू आवरेना. संध्याकाळी मल्लिनाथ दुकान बंद करून गेल्यावर मी अण्णांना छेडलं. "अहो, तुमचंच खरं होतंय, आणि तुम्हीच मोडता घालताय?"

अण्णा दोरखंडाची वेटोळी रचत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जोडी जमली, वाद मिटला. मग उद्याधरनं बोलायचं काय वो?"

हा माणूस इतकी वर्षं बँडबद्दल बोलतोय असं मी समजत होतो.

वरातीला दोघंही भाऊ आले. संध्याकाळची वेळ, गॅसबत्त्या नुकत्याच पेटलेल्या. अण्णा रस्त्याच्या एका कडेनं, मल्लिनाथ दुसऱ्या कडेनं, मधून वरात. नरसय्या थकला होता, हुसेनभाईचे पुढचे दात गेले होते. पहिलं गाणं रडतखडत झालं. मधल्या मारुतीचा चौक आला आणि नरसय्यानं डोळे मिटले. हुसेनभाईनं बँडला हात केला. वरात थांबली. मग नरसय्या किती लांब जाऊन आला ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं काही कळत नाही. एवढं दिसलं, की या वेळी हुसेनभाई ट्रंपेट छातीशी धरून थांबला, नरसय्या स्वतःहून परत येईपर्यंत. नरसय्यानं डोळे उघडून मान हलवली आणि मगच हुसेनभाईनं ती शेवटाची धून लावली. नवरदेव घोड्यावर झोपला होता. पलीकडच्या कडेला मल्लिनाथ उपरण्यानं डोळे पुसत होता. अण्णांनी ते पाहिलं आणि भुईकडे बघत घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळपासून पायरीवर. दोन्हीकडची दारं उघडली, उदबत्त्या लागल्या, पण आवाज म्हणून नाही. अण्णांनी एक कासरा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. पलीकडे सुपारी कातरल्याचं ऐकू येत होतं. दुपारी गिरणीचा भोंगा झाला तरी तेच. वाद मिटला होता आणि दुकानात बसवत नव्हतं. मी जेवायला उठणार, तोच फळीमागून आवाज आला.

"अण्णा, हुसेनभाईचं दात न्हाईत, म्हनून शेवट जरा लौकर घेतला का वो?"

मी सवयीनं मान वळवली. "अण्णा, पलीकडून विचारतायत, हुसेनभाईचे दात—"

"गप बसा की मास्तर!" अण्णांनी हात वर केला. "मला म्हनतोय त्यो."