दोरीवरचे लंगोट

भूपालअण्णा चौगुले रोज सकाळी साडेआठला आपल्या गच्चीवर येतात आणि आख्ख्या गल्लीने वाळत घातलेले कपडे मोजतात. समोरच्या घरात नव्याने राहायला आलेल्या बाईंनी याबद्दल तक्रार केली, तेव्हा त्यांची समजूत घालायला मी गेलो. म्हटलं, "तुमच्या साड्यांकडे त्यांचं लक्षही नाही. ते फक्त लंगोट शोधतात." बाई आणखीच घाबरल्या.

कोल्हापुरात लंगोट म्हटलं की आधी पैलवान आठवतो. अण्णांचे लंगोट वीतभर लांबीचे, तान्ह्या बाळांचे.

अण्णा आरोग्य खात्यात होते. नोकरीची सगळी वर्षं चंदगडच्या डोंगरात वाडी-वाडी फिरून त्यांनी कुटुंबनियोजन सांगितलं. घरात पोरं किती, हे त्या काळी कुणी सरळ सांगत नसे. "बाई दोन म्हणायची, दोरी चार म्हणायची," अण्णा सांगतात. "दोरी खोटं बोलत न्हाय. आन पावसाळ्यात लंगोट चुलीवर वाळत असायचं. धुराला निराळाच वास आला की मी थेट आत." एकदा एका शेतकऱ्याने त्यांना विचारलं, साहेब, तुम्ही केलंय का ऑपरेशन? अण्णा तसेच एसटीने माघारी गेले, एकाच मुलीवर थांबून स्वतःची नसबंदी करून घेतली आणि पंधरा दिवसांनी त्याच शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

आता निवृत्त झाले, पण डोळे निवृत्त झाले नाहीत. पंचाईत अशी, की मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांना दोरीवर काही सापडत नाही. किराणा दुकानवाल्यांच्या घरी जुळी झाली. गल्लीला माहीत, अण्णांना आठ महिने पत्ता नाही. कारण जुळ्यांना डायपर. खरं कळलं तेव्हा अण्णा दुकानदारावर रागावले. "ही काय रीत झाली व्हय? लेकराचा पुरावाच कचऱ्याच्या गाडीत?"

त्यांच्यापाशी जगाचं गणित तयार असतं. "जगात माणसं वाढल्यात म्हणत्यात. मग आमच्या गल्लीत कुठं हाईत? वाढल्यात ती म्हातारी. मरायचं विसरल्यात. मीच बघा की, अजून हाय." पाळणे कमी का झाले, याचंही उत्तर त्यांच्याकडे असतं. पोरगी शाळेत गेली की पहिला पाळणा लांबतो. झालेलं मूल जगणार अशी खात्री पटली की माणूस जादाची पोरं करून ठेवत नाही. आणि शाळेच्या फीचा आकडा ऐकला की दुसऱ्याचा विषयच निघत नाही. कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या जोडप्यांची त्यांना विशेष काळजी. "नवरा रात्रपाळीला, बायको दिवसपाळीला. भेटत्यात फकस्त जिन्यात. जिन्यात काय हुतंय?"

आता माझा गुन्हा सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमची ही इचलकरंजीला माहेरी गेली होती. घरात मी एकटा. ट्रंकेत शाल शोधताना आमच्या मुलीचे लंगोट सापडले. मुलगी आता पुण्यात नोकरी करते. हिने लंगोट जपून ठेवले होते. मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. सहाच्या सहा भिजवले, पिळले आणि साडेआठच्या आधी दोरीवर टाकले.

अण्णा गच्चीवर आले. मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"जाधव, वैनी कुठं हाईत?"

"माहेरी गेलीय."

"आन हे?"

"धुऊन ठेवतोय. लागतील."

अण्णांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. "वय किती वैनींचं?"

"सेहेचाळीस."

"हुतंय. चंदगडात पन्नाशीची बघितलीया मी," असं म्हणून ते खाली गेले.

पुढचे दोन दिवस ते गच्चीवर आलेच नाहीत. पहिल्या दिवशी मी हसत होतो. दुसऱ्या दिवशी मला जेवण जाईना. सत्तरी ओलांडलेल्या, बायको गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाची मी थट्टा केली होती, आणि तीही त्याला ज्याचं वेड आहे त्या गोष्टीवरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी ही परत आली. तिने चप्पल काढली आणि तिच्या मागोमाग अण्णा दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. हिला डोळ्यांनीच नमस्कार करून ते बसले आणि त्यांनी कागद सोडला. आत दुपटं होतं. जुन्या सुती साड्यांचं, चार पदरी, कडेने लाल टाके.

"आमच्या मंडळींनी शिवल्यालं," अण्णा म्हणाले. "पोरीचं लगीन झालं त्या वर्षी. पोरगी बंगळूरला असती. तिला आन जावयाला मूल नको हाय. तिचंबी बरोबर हाय. मूल कवा, किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आसं मीच जन्मभर लोकांस्नी सांगत फिरलो. घरात उलटं कुठल्या तोंडानं बोलू?"

हिला काहीच कळेना. ती माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घालून म्हटलं, "अण्णा, मी खोटं बोललो. थट्टा केली."

"ठावं हाय की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लंगोट घड्यांवर पिवळं पडल्यालं. एकाला कसर लागल्याली. येवढं बी दिसत न्हाय व्हय मला?"

"मग हे कशाला आणलंत?"

अण्णांनी दुपट्याचे टाके बोटाने चाचपले. "दोन दिवस माझ्या दोरीवर घालून बघितलं. आतल्या अंगणात. पर आपणच घालायचं आन आपणच बघायचं, त्यात काय न्हाय. तुमच्या दोरीवर एक डाव घाला. मी गच्चीवरनं बघतो."

माझ्याशी भांडण हिने संध्याकाळवर ढकललं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने दुपटं उचललं, बादलीत पाणी घेतलं, चिमूटभर साबणाची पूड टाकली आणि तान्ह्या बाळाचं धुवावं तसं ते हलक्या हाताने धुतलं. झटकून दोरीच्या मधोमध घातलं, दोन्ही बाजूंना चिमटे लावले. तोवर अण्णा समोर आपल्या गच्चीवर जाऊन कठडा धरून उभे होते.

ऊन चांगलं होतं. दुपटं दुपारीच खडखडीत वाळलं. हिने ते दिवस मावळेपर्यंत काढलं नाही.