गोगट्यांचं लिफ्टदर्शन

आमचे गोगटे टोकियो दाखवायला नेतात, म्हणजे टोकियोतल्या लिफ्ट दाखवायला नेतात. असाकुसाच्या एवढ्या मोठ्या देवळाकडे पाठ करून ते सांगतात, "देऊळ काय, कुठेही असतं हो. स्टेशनची ही लिफ्ट बघा. एक पायरी चढायला नको!"

सदानंद गोगटे टोकियोच्या निशी-कसाई भागात आमच्याच इमारतीत राहतात. पन्नाशीचे, एकटे, कॉम्प्युटरवाले. इमारतीत कुणाचेही आईवडील भारतातून आले, की रविवारी छत्रीला पिवळा रुमाल बांधून हे गाइड दारात हजर. "चला! गुडघे काय म्हणतात?" हाच त्यांचा नमस्कार. ज्याचे गुडघे जास्त दुखतात, त्याला पहिला मान. त्याला ते दिसेल त्या बाकावर बसवतात, उबदार सीटच्या टॉयलेटमध्ये पाठवतात आणि बाहेर आल्याआल्या मोबाइल रोखून विचारतात, "सांगा, काही त्रास झाला?"

हा सगळा पुरावा मिरजेला जातो. तिथे त्यांची आई एकटी राहते आणि गुडघ्यांचं कारण सांगून टोकियोला यायचं टाळते. गोगटेही कित्येक वर्षांत मिरजेला गेलेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तीच येणार आहे ना इकडे! मग मी रजा कशाला घालवू?"

यंदा साकुराची झाडं फुलण्याच्या दिवसांत माझी आई पुण्याहून आली. गोगटे छत्रीसकट उगवले.

"काकू, गुडघे काय म्हणतात?"

"ठणठणीत! रोज पर्वती चढते मी."

गोगट्यांचा चेहराच पडला. "थोडेसुद्धा दुखत नाहीत?" मग हळूच म्हणाले, "कॅमेऱ्यापुरतं जरा लंगडाल का?"

आईने सोसायटीच्या गणपतीत आयुष्यभर नाटकं केली आहेत. असाकुसाला उतरल्याबरोबर ती अशी काही लंगडायला लागली, की एक जपानी आजीबाई धावत आल्या आणि स्वतःची काठीच देऊ लागल्या. त्यांचे आभार मानता मानता वाकून वाकून माझी कंबर मोडली.

गोगटे भलतेच खूश. त्यांनी मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. "बघ आई, या जोशी काकू. गुडघे तुझ्यापेक्षा वाईट, तरी फिरतायत!" फोन माझ्या आईच्या हातात देऊन ते समोरच्या मशीनमधून थंड चहा आणायला गेले.

स्क्रीनवरचा तो भाबडा चेहरा बघून आईला खोटं बोलवेना. "अहो, खरं सांगू? माझे गुडघे अगदी धडधाकट आहेत."

पलीकडून खुदकन हसू आलं. "माझेही!"

"मग येत का नाही?"

"मी तिकडे आले, तर सदा मिरजेला कशाला येईल? मी इथे असले, तर कधीतरी येईल तरी."

फोन स्पीकरवर होता आणि गोगटे चहाच्या बाटल्या घेऊन आमच्या मागेच उभे होते. मला फार वाईट वाटलं. त्यांनी बाटल्या बाकावर ठेवल्या, छत्रीचा पिवळा रुमाल सोडला आणि त्याला नाक पुसलं.

"काकू, तुमच्या परतीच्या विमानात शेजारची सीट मिळेल का हो?"

आई काही बोलणार, एवढ्यात फोनमधून आवाज आला.

"सदा, आपल्या घराला लिफ्ट नाही हं. गुडघे काय म्हणतात तुझे?"