एका चुलीवर अकरा

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी मार्चमध्येच नाशिकचं ऊन असं पेटलं होतं, की गच्चीवर टाकलेले पापड वाळायच्या आधी भाजून निघत होते.

चांगुणाबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीला त्यांचं एक वाक्य पाठ होतं. "मी जन्मात खोटं बोलले नाही!" हे त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे ते खोडून काढायलाही कोणी नव्हतं.

एका दुपारी वैष्णवी मॅडम दारात उभ्या राहिल्या. कोवळी पोरगी, विंचूरची, शाळेत शिक्षिका म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. वरून कसलीशी कुटुंब-पाहणी निघाली होती आणि ती नेहमीप्रमाणे शिक्षकांच्या गळ्यात पडली होती. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर ओढणी, हातात तापलेला मोबाईल.

"आजी, घरात एकूण किती माणसं?"

प्रश्न सोपा होता. उत्तर त्याहून सोपं होतं. एक! पण घात केला कलाबाईने. कलाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. ती कुंपणावर कोपर टेकून ऐकत उभी होती आणि आत्ताच तिने "आमच्यात सात!" असं निवडून आल्यासारखं जाहीर केलं होतं. शिवाय आठच दिवसांपूर्वी तिने विचारलं होतं, "एकटीला गं कशाला एवढं मोठं घर?" ते वाक्य चांगुणाबाईंच्या घशात अजून माशाच्या काट्यासारखं अडकलेलं होतं.

चांगुणाबाईंनी पदर खोचला.

"अकरा!"

कलाबाईचं कोपर कुंपणावरून घसरलं.

"नावं सांगा आजी. वयासकट."

आता आली का पंचाईत! अकरा माणसं काही हवेतून काढता येत नाहीत. चांगुणाबाईंनी डोळे मिटले आणि ज्या वर्षी हे घर शेवटचं भरलेलं होतं, ते सत्त्याण्णव साल डोळ्यांपुढे आणलं. मग काय, नळाला पाणी आल्यासारख्या त्या सुटल्या. मालक धोंडीराम, पंचावन्न, सातपूरला कंपनीत. सासू बायडाबाई, अठ्ठ्याहत्तर. धाकटा दीर केरू, चाळीस, लग्न करायचं नाही म्हणतो. थोरला नवनाथ, अठ्ठावीस. सून संजना, पंचवीस, सातवा महिना. नातू आयुष, दोन. धाकटा महेश, नववीत, गणितात कच्चा. आणि नणंदेची तीन पोरं, मनमाडहून शिकायला आलेली.

"आणि तुमचं वय?"

"अठ्ठेचाळीस."

मॅडमनी एकदा मान वर करून पाहिलं. पण डोक्यावर ऊन होतं आणि अजून एकवीस घरं बाकी होती.

"बरं. आधार कार्डं?"

"कपाटात. किल्ली मालकांच्या खिशात."

मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची, हे मात्र शंभर टक्के खरं!

मॅडम गेल्या. चांगुणाबाईंना वाटलं, विषय संपला. पण त्या मोबाईलने ती यादी सगळ्या खात्यांना बारशाच्या पेढ्यांसारखी वाटून टाकली होती!

तिसऱ्या दिवशी निळी पेटी घेऊन पोलिओच्या ताई आल्या.

"आयुषला आणा."

"झोपलाय."

"उठवा की. दोन थेंबांचं काम."

"मामाकडे गेलाय."

"आत्ता झोपला होता ना?"

"मामाकडेच झोपलाय!"

आयुष त्या घटकेला खरोखरच झोपला होता, पण कॅनडात. वय अठ्ठावीस, दाढी छातीपर्यंत.

चौथ्या दिवशी आशाताई आल्या. खांद्याला लोहाच्या गोळ्यांची पिशवी, काखेत वजनकाटा. "संजनाताईंचं वजन घ्यायचंय." त्यांना कसंबसं उद्यावर ढकललं, तर दुपारी जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक हजर! "तुमचा महेश नववीत आहे म्हणता, पण एकाही शाळेच्या पटावर त्याचं नाव नाही. पोराला कामाला तर लावलं नाही ना?"

"कामाला लागलाय खरा," चांगुणाबाई बोलून गेल्या.

सबंध आठवड्यात त्या एवढंच एक खरं बोलल्या, आणि तेच नडलं. महेश बंगळूरला एका कंपनीत साहेब होता. वय चाळीस, डोक्यावर एक केस नाही. मुख्याध्यापकांनी मात्र वहीत लिहिलं, 'बालकामगार'.

दुसऱ्या दिवशी आशाताई यायच्या आतच चांगुणाबाई फोनजवळ बसल्या. त्यांनी पुण्याला सुनेला फोन लावला. संजना तिथे बँकेत अधिकारी, वय एक्कावन्न, त्या सातव्या महिन्यातली लेक केव्हाच सासरी.

"संजना, कोणी फोन करून विचारलं तर सातवा महिना चालू आहे म्हण."

पलीकडे केबिनचं दार लागल्याचा आवाज आला.

"कोणाला, आई?"

"अगं, तुला!"

पंधरा मिनिटांत नवनाथचा फोन आला. आवाज एकदम मऊ. दवाखान्यात खाटेशेजारी बसून माणसं बोलतात ना, तसा.

"आई, आज कुठला वार आहे गं?"

"मंगळवार. आणि तू नेहमीसारखा सकाळी काही न खाता गेलायस."

"बरोबर. आणि आपला आयुष केवढा आहे?"

चांगुणाबाईंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारात आशाताई! काखेत तोच वजनकाटा.

"दोन वर्षांचा," चांगुणाबाई म्हणाल्या.

झालं! नवनाथने तिथल्या तिथे निर्णय दिला. "रविवारी संध्याकाळी येतो. डॉक्टरांना दाखवू. आता तू एकटी राहायचं नाहीस. पुण्यालाच यायचं. घराला गिऱ्हाईकही बघतो."

फोन ठेवून चांगुणाबाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. नवनाथचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. मागे त्या वीस दिवस राहिल्या होत्या. नवनाथ-संजना सकाळी आठला जात, रात्री आठला येत. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी एकच बाई होती, लिफ्टमधली. आणि तीही फक्त 'दरवाजा बंद होत आहे' एवढंच म्हणायची. इथे या घराची एकेक फरशी धोंडीरामनी रविवारी सुट्टीत स्वतः बसवलेली. चौथ्या ओळीतली तिसरी वाकडी बसली, म्हणून तीन दिवस भांडण झालेलं. ती फरशी कुठल्या गिऱ्हाइकाला कळणार होती?

शुक्रवारी वैष्णवी मॅडम आल्या त्या रडतच.

"आजी, रविवारी बारा वाजता आमचे साहेब पडताळणीला येणार आहेत. अकरा माणसं आणि चार महिन्यांत एकच गॅस सिलेंडर, हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. नोंद खोटी निघाली तर माझी नोकरी गेली! खरं सांगा, किती आहात?"

"एक."

मॅडमनी ओढणी डोळ्यांना लावली.

"रडू नको. तुझ्या पोटावर मी पाय देणार नाही. अकरा लिहिलीस ना? अकरा उभी करते!"

पहिल्यांदा त्या गेल्या कलाबाईकडे. "रविवारी तुझा नातू दे गं तासभर. आयुष म्हणून."

कलाबाई भाजी निवडत होती. ती नुसतीच देठं मोडत राहिली. संक्रांतीपासून तिची सगळी मंडळी 'गावी' गेलेली होती. इतके दिवस कोण गावी राहतं, हे विचारायचं चांगुणाबाईंनी आजवर टाळलं होतं.

"गावी नाही गं," कलाबाई म्हणाली. "पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय. रिक्षाने पंधरा मिनिटं. पण येत नाही कोणी."

"म्हणजे सात नाहीत?"

"तुझ्यात अकरा आहेत का?"

शेवटी कलाबाईनेच भाजी बाजूला सारली. "मी तुझी सासू होते. बायडाबाई! पण वाकून पाया पडावं लागेल."

मागच्या गल्लीतले भिकाभाऊ एसटीतले निवृत्त कंडक्टर. रोज यायचे ते पेपर वाचायला, पण बातम्या त्यांना सगळ्या आधीच माहीत असायच्या. त्यांना दीर केरू केलं. "सहासष्टाचा मी चाळीसचा दिसेन का?" म्हणून त्यांनी केस काळे केले, केसांबरोबर कपाळही काळं झालं. समोरच्या चैतालीला खराच सातवा महिना होता. नवरा अंबडला कंपनीत, माहेर वणीकडे, दिवसभर बोलायला भिंती. ती एका पायावर तयार झाली. नणंदेच्या पोरांसाठी कोपऱ्यावरच्या खोलीत राहणारे तीन कॉलेजकुमार मिळाले. त्यांनी फक्त विचारलं, "आजी, जेवण आहे ना?"

उरलेली चार बाहेर गेलीत म्हणून सांगायचं ठरलं. रविवारी माळ्यावरचं मोठं पातेलं किती वर्षांनी खाली उतरलं! काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा गल्लीच्या तोंडापर्यंत घमघमला.

बरोबर बाराला साहेब आले. धुळ्याहून बदलीवर आलेले, खाणावळीच्या डब्यावर वाळलेले. सोबत पांढरीफटक वैष्णवी. साहेबांनी मोबाईल काढला आणि हजेरी सुरू केली.

"बायडाबाई?"

"हजर!" कलाबाई गरजली. "आणि ही सून मला वेळेवर चहा देत नाही, तेही लिहा!"

"केरू, वय चाळीस?"

"चला, पुढे सरका," भिकाभाऊ सवयीने म्हणाले.

साहेबांनी त्यांचं कपाळ पाहिलं. घामाबरोबर एक काळा ओघळ नाकापर्यंत आला होता.

"धोंडीराम?"

चांगुणाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली धोंडीरामचा फोटो होता, हार घातलेला.

"ड्युटीवर गेलेत," त्या हळूच म्हणाल्या.

साहेबांनी फोटो पाहिला, हार पाहिला. खाली बघून पुढचं नाव घेतलं. "संजना?"

"मी!" चैताली पोट सावरत पुढे झाली.

"मी!" दारातूनही आवाज आला.

दारात खरी संजना उभी होती! संध्याकाळी येणार म्हणालेली मंडळी दुपारीच उतरली होती. मागे नवनाथ. आणि त्याच्या मागे, रजेवर आलेला, आजीला अचानक गाठायला आलेला...

"आयुष!" चांगुणाबाई सगळं विसरून ओरडल्या. "माझा आयुष आला!"

साहेबांनी मोबाईलमध्ये पाहिलं. आयुष, वय दोन. मग दाढीकडे पाहिलं.

"हा?"

"वाढ चांगली आहे साहेब," भिकाभाऊ म्हणाले.

त्याच क्षणी कुंपणापाशी निळी पेटी दिसली. "आला का हो आयुष मामाकडून?" पोलिओच्या ताई आत डोकावल्या. आठवडाभर यादीत एकच पोर सुटलेलं होतं त्यांचं! त्यांनी दाढी पाहिली, यादी पाहिली, आणि काही न विचारता आयुषच्या करंगळीला शाई लावून निघून गेल्या.

नवनाथ कपाळाला हात लावून जिन्यावर बसला. "आई, काय चाललंय हे? या कलाकाकू इथे कोण म्हणून बसल्यात?"

"तुझी आजी!" कलाबाई म्हणाली. "पाया पड!"

"थांबा!" साहेब ओरडले. "आजी, तुम्ही सरकारला खोटी माहिती दिलीत?"

"खोटी कशी?" चांगुणाबाई उसळल्या. "एकेक माणूस खरं आहे! या मॅडमनी विचारलं, किती माणसं. कुठल्या सालची, ते कुठे विचारलं?"

नवनाथ हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला आता आठवत नाही का गं नीट?"

"आठवत नाही? सत्त्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेला कोणी किती वाट्या खीर खाल्ली ते सांगू? तू पाच! विसरायचा आजार असता तर बरं होतं रे. सुखाने झोपले असते."

नवनाथने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. नेमकी ती वाकडीच होती.

साहेबांनी घसा साफ केला. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी उभं होतं आणि रस्सा मागे उकळत होता. साहेबांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढली, पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं." मग म्हणाले, "नाव-वय नंतर दुरुस्त करू. आधी वाढा. जेवतील ती मोजतो."

पंगत बसली. साहेब बोटाने मोजत गेले. चांगुणाबाई, कलाबाई, भिकाभाऊ, चैताली, तीन पोरं. सात. नवनाथ, संजना, आयुष. दहा. "मॅडम, तुम्हीही बसा." अकरा!

"नोंद बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण नियमात 'नेहमी जेवणारी' असं आहे. सहा महिन्यांनी मी परत येणार. तेव्हाही हीच चूल, हीच माणसं दिसली पाहिजेत." आणि स्वतःला न मोजता ते भाकरी कुस्करायला बसले.

त्याचं पुढे काय झालं? नवनाथने गिऱ्हाइकाला 'घर विकायचं नाही' म्हणून कळवलं. घर बंद केलं तर सरकारदरबारी अकरा माणसं उपाशी! आता तो महिन्यातून दोन रविवार येतो, कारण फोन केला की आई म्हणते, "नंतर कर, वाढतेय." आयुष करंगळीची शाई घेऊन कॅनडाला गेला. चैतालीला मुलगी झाली. ती या घरात रांगायला शिकली. तीन पोरांतली दोन पास होऊन गेली, पण जाताना आपल्या जागी दोन आणून बसवून गेली. महेशला बालकामगार ठरवणारी नोटीस बंगळूरला पोहोचली. त्याने ती चौकटीत घालून ऑफिसात लावली आहे. वैष्णवी मॅडम नोकरीत कायम झाल्या. भिकाभाऊंचं कपाळ दोन महिन्यांनी पूर्ववत झालं. कलाबाईला सासूपण असं मानवलं, की मीठ बरोबर असलं तरी ती कमी आहे म्हणते. साहेब सहा महिन्यांनी येणार होते, ते पुढच्याच रविवारी आले आणि अजून येतात. पडताळणी आहे म्हणतात.

आणि चांगुणाबाई? परवाच त्यांच्या दारात नवी पाहणी घेऊन नवी मुलगी आली. चपला काढून आत येत तिने विचारलं, "आजी, घरात किती माणसं?"

चांगुणाबाईंना आता अक्कल आली होती. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "एक!"

मुलीने दारातला चपलांचा ढीग पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "आजी, या वयात खोटं बोलू नका. सरकारी काम आहे!" आणि तिने स्वतःच जोड मोजून लिहिलं, बारा.

त्यातला एक तिचाच होता. पण चांगुणाबाईंनी सांगितलं नाही. ताट तिचंही वाढून झालं होतं.