न निघालेला शब्द

जावयानं दुकानातल्या संगणकाची सिस्टिम बदलून दिली आणि त्या दिवसापासून कोरक्याला बोलायला विषय मिळाला. तो कबरींचे दगड कोरायचा. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, सगळे कोरक्याच म्हणत. शेजारच्या फुलवालीला त्याने ऐकवलं, "आता माझ्या हातून चूक होणे नाही. एकदम नवीन सिस्टिम आहे."

"कुणाची चूक झाली होती?" फुलवालीने विचारलं.

"झाली नव्हती. आता होणारही नाही."

त्याच दुपारी एक बाई दुकानात आल्या. नवरा महिन्यापूर्वी गेला होता. दगडावरचा मजकूर त्यांच्या मुलाने आधीच पाठवला होता. मुलगा दातांचा डॉक्टर, सगळं व्यवस्थित टाइप करून पाठवणारा. कोरक्याने तो मांडून, नक्षी लावून फाइल तयार ठेवली होती. नाव, तारखा आणि खाली एक ओळ : प्रेमळ पती, आदर्श पिता.

बाईंनी चष्मा लावला, पडद्यावरची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "'प्रेमळ' काढा."

"काय झालं, शुद्धलेखन चुकलंय का?"

"शुद्धलेखन बरोबर आहे." त्या खुर्चीत बसल्या. "'आदर्श' ठेवायचं की नाही ते मुलाचं मुलाला माहीत. 'प्रेमळ' माझ्या खात्यावरचं आहे. ते काढा."

कोरक्याने माउसवरचा हात काढला. दगडाच्या धंद्यात गप्प राहणं हे अर्धं काम असतं. मग बाईच म्हणाल्या, "वाईट नव्हते हो ते. हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात आले, खोलीच्या दारातच उभे राहिले आणि विचारलं, कपाटाची किल्ली कुठाय. आता दर वेळी तिथे जाऊन मी तो शब्द वाचत बसू का?"

"काढतो," कोरक्या म्हणाला.

बाई गेल्यावर त्याने शब्द खोडला आणि सेव्ह केलं. पडद्यावर पाटी उमटली : या ठिकाणी बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही. मालकाशी संपर्क साधा.

कोरक्याने मागे वळून पाहिलं. दुकानात तो एकटाच होता. त्याने जावयाला फोन लावला.

"जावईबापू, हा मालकाला विचारायला सांगतोय. मालक तर मीच आहे."

"बाबा, त्या फायली जुन्या खात्याच्या आहेत. जुने तुम्ही मालक होतात. आताचे तुम्ही त्या नुसत्या वाचू शकता."

"मग जुन्या मला विचारायचं कसं?"

"जुना पासवर्ड आठवतोय?"

कोरक्याला बायकोचा वाढदिवस आठवत नव्हता, पासवर्ड कुठून आठवणार? पण जावयाला चिडून बोलायची सोय नसते. "बघतो हं," एवढंच तो म्हणाला.

"आता असं करा, फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करा. तिथे परवानगी आहे. रविवारी येऊन बाकीचं बघतो."

तिथे फाइल मुकाट्याने सेव्ह झाली. कोरक्याने काळा दगड यंत्राखाली सरकवला, बटण दाबलं आणि चहा प्यायला गेला. कोरायचं यंत्र मात्र वर्षानुवर्षं ज्या जुन्या फोल्डरमधून फाइल उचलायचं, तिथूनच त्याने न बदललेली फाइल उचलली. कुणी त्याला वेगळं सांगितलंच नव्हतं.

परत येऊन त्याने दगडावर पाणी मारलं. भुकटी वाहून गेली आणि खालून 'प्रेमळ' वर आला. खोल, ठसठशीत. इतका देखणा 'ळ' त्याच्या हातून आजवर उतरला नव्हता.

बायको डबा घेऊन आली तेव्हा तो पालथ्या बादलीवर बसला होता. तिने दगड वाचला. सगळी हकीकत ऐकली.

"बाईंना सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू? मला माझ्याच दुकानात परवानगी नाही म्हणून?"

"तेच सांगा. खरंय ते."

"उद्या सकाळी बसवायचाय. नातेवाईक बाहेरगावाहून निघालेत. दुसरा दगड कुठून आणू?"

त्याने सांगितलं नाही. भेगा बुजवायची काळी लुकण कालवली, एकेक अक्षर बुजवलं, वाळवलं, घासलं, पॉलिश केलं. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली दगड आरशासारखा दिसत होता. "कुणाच्या बापाला कळणार नाही," तो म्हणाला. बायकोने डबा उचलला आणि ती निघून गेली.

सकाळी दफनभूमीत लख्ख ऊन होतं. दगड बसवला, लोक भोवती उभे राहिले. आणि बाईंच्या दिरांनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. मग ते वाकले. त्यांच्या मागे त्यांची बायको वाकली, मग कुणी भाचा, मग आणखी कुणी. लुकण दगडापेक्षा जरा कमी चमकत होती. समोरून काही दिसत नव्हतं, पण बाजूने उन्हात शब्द स्वच्छ वाचता येत होता. कोरलेला तसाच राहिला असता तर एकदा वाचून लोक पुढे गेले असते. बुजवल्यामुळे जो तो वाचून खात्री करून घेत होता.

"इथे काहीतरी होतं," दीर म्हणाले.

मुलगा त्याच्याकडे बघत होता. 'प्रेमळ' काढायला सांगितलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"चूक माझी आहे," कोरक्याने सुरुवात केली. "म्हणजे संगणकाची... म्हणजे माझीच."

"'प्रेमळ' होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी काढायला सांगितलं होतं."

दूरवर कुणीतरी वाळक्या पानांवर झाडू मारत होतं, तेवढाच आवाज. मग गेलेल्या माणसाची थोरली बहीण काठी टेकत पुढे आली. वाकून वाचण्याच्या भानगडीत ती पडली नाही. तिने भावजयीचा हात आपल्या हातात घेतला. "चल, उन्हात उभी राहू नकोस," म्हणाली. दोघी फाटकाकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून एकेक करून सगळे गेले.

मुलगा तेवढा मागे राहिला. कोरक्या हत्यारं गोळा करण्याचं सोंग करत होता, आता शिव्या पडणार म्हणून खाली बघत होता.

"ही लुकण टिकते का?" मुलाने विचारलं.

"टिकते साहेब. पण तुम्ही म्हणाल तर दगड बदलून देतो. नवीन येईपर्यंत..."

"नको." तो दगडाकडे बघत राहिला. दातात कीड सापडल्यावर पेशंटला सांगायच्या आधी थांबावं, तसा. "'आदर्श'सुद्धा असा बुजवता येईल?"

कोरक्याने वर पाहिलं. "येईल. पण ऊन पडलं की दिसणार."

"दिसू दे," मुलगा म्हणाला आणि आईला गाडीत बसवायला गेला.