पाण्याला खालीच विचारावं

आमचे शेजारी लतीफचाचा चहासुद्धा तपासल्याशिवाय पीत नसत. खिशातून आम्ल तपासायची पिवळ्या कागदाची पट्टी काढायची, कपात बुडवायची, बदललेला रंग उन्हात धरून बघायचा आणि मग "चालंल" म्हणून पहिला घोट घ्यायचा. नेकनूरच्या स्टँडवरचा हॉटेलवाला आधी चिडायचा. पुढं तोच गिऱ्हाइकांना सांगू लागला, आपला चहा तपासलेला असतो म्हणून.

चाचांची उमेदीची वर्षं हिमालयात गेली. तिथं खोल बोअर घेऊन जमिनीतलं उकळतं पाणी काढत. त्यात आम्ल किती, हे मोजायला चाचा पोलादी नळीतून यंत्र खाली सोडायचे. काचेची यंत्रं उष्णतेनं आणि दाबानं फुटायची, मग चिनीमातीसारख्या पांढऱ्या नळीचं आलं. "वर काढून मोजलं तर पानी खोटं बोलतं," ते म्हणत. "येता येता त्याच्यातला वायू उडून जातो. खरं काय ते खालीच इचारावं." लग्नाच्या पंगतीतही ते हे सांगत. शेजारचा बिचारा जिलबी अर्धी टाकून उठायचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या रानातल्या बोअरला लई खोलवर कोमट, फसफसणारं पाणी लागलं. आईनं गुडघे शेकायला घागर भरून नेली. चाचांनी त्या पाण्यात पट्टी बुडवली. रंग चांगला आला. आम्ही खूश, चाचांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी बोअरच्या पायपाला कान लावला. मीही लावला. आत कुणी झोपेत सावकाश श्वास सोडावा, तसा आवाज येत होता. मी झटकन कान मागं घेतला.

"पट्टी चांगली, म्हंजी वायू निघून गेला," चाचा हळू आवाजात म्हणाले. "पर गेला कुटं?"

बोअरशेजारी व्हॉल्व्ह बसवायला पुरुषभर खड्डा खणला होता. माझा धाकटा भाऊ दत्ता पान्हा घेऊन त्यात उतरायला निघाला होता. चाचांनी त्याचं मनगट धरलं आणि मला चिमणी पेटवून आणायला सांगितली. मी ती दोरीनं खाली सोडली. वारा अजिबात नव्हता. निम्म्यावर जाताच ज्योत कुणी चिमटीत धरावी तशी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथंच विझली. पाण्यातून निघालेला वायू हवेहून जड, तो खड्ड्यातच साचला होता. तेव्हा तळाशी मरून पडलेला होला पक्षी दिसला, पंख मिटून.

आम्ही खड्ड्यावर पत्रा टाकला आणि लांब बांधावर जाऊन बसलो. तिथं चाचांनी मोहनचं नाव काढलं. हिमालयातल्या कामावरचा त्यांचा जोडीदार, आपल्या कडा गावचाच. असाच एका खड्ड्यात उतरला, तो वर आलाच नाही.

"पानी वर काढून मीच मोजलं होतं," चाचा म्हणाले. "मीच म्हनलो, चांगलं हाय, उतर."

हे त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"चाचा, मी हाय न्हवं इथं," दत्ता म्हणाला.

ऊन उतरलं, आईनं जेवायला दोनदा हाका मारल्या. दत्ताला काही उठता येईना. चाचांनी त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.