भूमिकेप्रमाणे खुर्ची

मी खुर्च्या विकतो. तशी टेबलं, कपाटं, पलंगही विकतो, पण खरा जीव खुर्चीत. शाळा मला सातवीत सोडून गेली (घरचे म्हणतात, मीच तिला सोडलं, दोन्ही बाजूंनी फारसा आग्रह नव्हता, एवढंच खरं). पुढचं सगळं शिक्षण मी सिनेमाच्या पडद्यासमोर बसून घेतलं आणि तिथेच मला आमचा नट भेटला.

त्याचं नाव सांगत नाही. सांगूनही तुम्हाला आठवणार नाही. पस्तीस वर्षं काम करतोय बिचारा, पण दिग्दर्शकांना अक्कल नाही. जो तो त्याला हीरोचा थोरला भाऊ करतो. थोरला भाऊ मध्यंतराच्या आत मरतो आणि उरलेला सिनेमा भिंतीवरच्या फोटोत काढतो. आता तो मालिकांत असतो. तिथे सोफ्याच्या कोपऱ्यात बसून दोन भागांत मिळून एकदा "हं" म्हणतो. पण काय म्हणतो! बाकीचे पानंपानं बोलून जे सांगू शकत नाहीत, ते त्या "हं"मध्ये असतं.

म्हटलं, यांनी नाही दिल्या भूमिका तर आपण देऊ. दुकानात नवी खुर्ची आली की मी दोन पावलं मागे सरतो, डोळे बारीक करतो आणि आमच्या नटाला तिच्यात बसवतो. उंच पाठीची, कोरीव हातांची असेल तर तो न्यायाधीश. चाकांची फिरती असेल तर खलनायक. वेताची असेल तर जहाजावरून कायमचा घरी परतलेला कप्तान. आणि हे मी मनात ठेवत नाही, गिऱ्हाइकालाही सांगतो. एकदा एक दंतवैद्य साधं स्टूल घ्यायला आला होता. मी त्याला एका चामडी खुर्चीपाशी नेलं. म्हटलं, "डॉक्टर, आमचा नट इथे बसलाय. मोठा सर्जन आहे. आत ऑपरेशनच्या टेबलावर त्याचीच पहिली प्रेयसी आहे आणि त्याचे हात थरथरताहेत." स्टूल घ्यायला आलेला माणूस खुर्ची घेऊन गेला. टेम्पोत बसल्यावर डोकं बाहेर काढून विचारतो, "वाचली का हो ती?"

सांगायचा मुद्दा, माझं तंत्र चाललेलं होतं. ते घरी न्यायला नको होतं.

झालं असं की माझे सासरे आमच्याकडे आले. निवृत्त वजनमापे निरीक्षक. (दुकानदाराने मुलगी बघायला कुठे जावं, याचं भान मला तरुणपणी नव्हतं.) एकटे राहायचे. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत चार तास तसेच पडून होते. ऑपरेशन झालं, काठीने चालायला लागले, तेव्हा बायको त्यांना घरी घेऊन आली. पण त्यांनी बॅग उघडलीच नाही. रोज लागतील तेवढे कपडे काढायचे आणि पुन्हा चेन लावायची.

"आठ दिवस राहतो आणि जातो," ते म्हणाले. "जावयाच्या घरात पाहुणा म्हणून शोभतो मी. मुक्कामाला नाही."

रात्रीची भांडी आवरताना बायको मला म्हणाली, "अहो, बाबा परत एकटे गेले तर मला झोप लागणार नाही. त्यांना हे घर आपलं वाटलं पाहिजे. आणि तुमच्या दुकानात एकशे तीस खुर्च्या असताना माझे वडील प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. लाज वाटत नाही?"

"उद्याच आणतो."

"डॉक्टरांनी सांगितलंय, बैठक उंच हवी. गुडघ्यापेक्षा खाली अजिबात नको. ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. म्हणजे कान तिच्याकडे होते. मनात मी आमच्या नटाला घरातले एकेक वडीलधारे करून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाची खुर्ची घरी आली. मी सासऱ्यांना तिच्यात बसवलं आणि रंगवून सांगितलं, "बाबा, आमचा नट या खुर्चीत न्यायाधीश आहे. समोर पिंजऱ्यात निर्दोष माणूस. नट चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो. अख्खं कोर्ट चिडीचूप."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मिक्सरचं झाकण कोणी फोडलं?" ते म्हणाले.

"कोणतं झाकण?"

"जे तुम्ही धान्याच्या डब्यामागे लपवलंय ते. पोरी, साक्षीला ये."

कोर्ट तीन दिवस चाललं. झाकणाबद्दल मला आठवडाभर कुकर घासायची शिक्षा झाली. ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल सक्त ताकीद. बायको खूश होती. बाबा रमलेत, म्हणाली. मीही खूश होतो, कारण आमच्या नटाने हे काम केलं असतं तर अगदी असंच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनं प्रकरण उघडलं. "माझ्या निवृत्तीच्या समारंभाला तुम्ही आला नव्हतात. ताप होता म्हणे?"

आता, "हो, होता" एवढे दोन शब्द म्हटले असते तर प्रकरण मिटलं असतं. अठरा वर्षं तो ताप कुणीही मोजला नव्हता. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचा नट उभा राहिला, या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात. ताठ मान, ओले डोळे. तो सत्य सांगतो आणि सगळं कोर्ट रडतं.

मी मान ताठ केली. "नाही, न्यायमूर्ती. मला ताप नव्हता. त्या दिवशी आमच्या नटाच्या सिनेमाचा पहिला खेळ होता. मी तिकडे गेलो होतो."

कोणी रडलं नाही. बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली.

"चांगला होता का?" सासऱ्यांनी विचारलं.

"विसाव्या मिनिटाला मेला, बाबा."

त्यांनी चष्मा काढून मिटला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती मी. दोनदा लोकांना उठवलं तिच्यावरून. शेवटी कोणीतरी तिच्यावर पिशव्या ठेवल्या."

त्यांनी काठी घेतली आणि आत जाऊन झोपले. त्या रात्री कुकर मी न सांगता घासला. दोनदा.

शहाण्या माणसाने इथे माफी मागितली असती. मी खुर्ची बदलली.

फिरती खुर्ची दीड दिवस टिकली. सासरे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी खोलीत शिरलो की सावकाश वळून म्हणायचे, "या. तुमचीच वाट बघत होतो." पुढे काही बोलायचे नाहीत. माझी भूक गेली. बायकोने ती खुर्ची दाराबाहेर ढकलली आणि म्हणाली, "खुब्याचा पेशंट आणि चाकं? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

म्हणून मी दुकानातला सर्वांत मऊ माल आणला. मागे कलणारी, पाय वर उचलणारी आरामखुर्ची, लोण्यात बसल्यासारखी. तिच्यातली भूमिकाही तशीच भारी. मालिकेतला घरचा कर्ता पुरुष अखेरच्या घटका मोजतोय. साठ भाग तो त्याच घटका मोजतो आणि एकेकाला जवळ बोलावून शेवटचं सांगतो. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि हळूहळू तिच्यात दिसेनासे झाले.

रविवारची दुपार. आतून क्षीण हाक आली, "पोरी... इकडे ये..."

बायको धावली. मी तिचा हात धरला. "अगं, थांब. काम करताहेत ते."

"जावईबापू... जरा हात द्या..."

"वा!" मी म्हणालो. "हात मागताना आवाज कसा चिरला, ऐकलंस? आमच्या नटाने हीच जागा घेतली असती."

"मला... उठवा..."

मी टाळ्या वाजवल्या. (हे लिहिताना हात जड होतोय, पण वाजवल्या.) पलीकडच्या घरात राहणारी नर्स टाळ्या ऐकून काय समारंभ आहे ते बघायला आली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं. सासरे खरोखर अडकले होते. बैठक इतकी खोल की गुडघे छातीपाशी आले होते आणि पाय टेकत नव्हते. पाऊण तास ते असेच धडपडत होते, आणि मोठ्याने ओरडायला त्यांना लाज वाटत होती. नर्सने एका बाजूने मला आणि दुसऱ्या बाजूने बायकोला धरायला लावून त्यांना बाहेर काढलं, आणि मग खुर्चीला सोडून मला झापलं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही बाबांना एकही खुर्ची आणली नाहीत. तिन्ही तुमच्या त्या नटाला आणल्यात."

सासऱ्यांनी बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली. "उद्या निघतो," म्हणाले.

सकाळी टेम्पोत तीन खुर्च्या आणि पुढे ड्रायव्हरशेजारी सासरे. दारात बायको मला हळूच म्हणाली, "बाबा आज बसमध्ये बसले तर तुम्ही घरी येऊ नका. दुकानात फर्निचर भरपूर आहे, तिथेच झोपा." डोळे पुसत म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सासरे म्हणाले, आधी दुकान. माल परत पोचलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कुठे जात नसत. मी खुर्च्या उतरवत होतो, तोवर ते आत माझ्या जागेवर जाऊन बसले. माझी खुर्ची म्हणजे साधी, लाकडी, बिनहातांची. तेवढ्यात एक ग्रंथपालबाई आल्या. गुडघेदुखी. वाचायला खुर्ची हवी होती.

"या बाई," मी सुरुवात केली. "ही बघा. हिच्यात आमचा नट म्हणजे एक विक्षिप्त प्राध्यापक. तीस वर्षं एकाच पुस्तकावर..."

"थांबा," सासरे म्हणाले. "बाई, इथे बसा. तळपाय जमिनीवर टेकवा."

त्यांनी खिशातून पोलादी टेप काढला. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी टेप खिशात! टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजलं. "सव्वासतरा इंच." मग काठी टेकत दुकानभर फिरले, एकेका बैठकीला टेप लावला आणि एकेका लेबलासमोर थांबले.

"इथे अठरा लिहिलंय. आहे साडेसोळा."

"गादी दबते, बाबा."

"मग दबून किती, ते लिहा."

कोपऱ्यातली एक धूळ खाणारी खुर्ची त्यांनी काठीने दाखवली. तिच्यात आमच्या नटाला मी कधी बसवलं नव्हतं, इतकी ती साधी. बाई बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग आपल्या दोन रिकाम्या हातांकडे बघत म्हणाल्या, "तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाला न धरता उठले मी."

त्या गेल्यावर सासऱ्यांनी टेप मिटला आणि ते पुन्हा माझ्या खुर्चीत बसले. "तुमच्या नटाला गुडघे आहेत का हो?"

"म्हणजे?"

"साठीचा असेल ना आता? इतक्या खुर्च्यांत बसवलंत त्याला. त्यातून उठवतंय का, हे कधी विचारलंत?"

मला मालिकेतला तो सोफ्याचा कोपरा आठवला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच शंका आली, की तो बोलत का नाही हे मला कळलंय, पण तो उठत का नाही, हे कळलेलं नाही.

"बाबा," मी म्हणालो, "समारंभाच्या दिवशी मी यायला हवं होतं. चुकलो. ही खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवतो. कोणी पिशवी ठेवणार नाही तिच्यावर."

त्यांनी टेप पुन्हा उघडला. खाली वाकून, ज्या खुर्चीत बसले होते तिलाच टेप लावला. "साडेअठरा," म्हणाले. "मला बरोबर आहे."

"बस साडेअकराची आहे."

"पुढची?"

"दीडची."

"मग तेवढ्यात ही रांग तपासून होईल."

रांगा सहा आहेत. दीडची गेली, चारची गेली. संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा बायकोने दार उघडलं, आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बॅग आत नेऊन रिकामी केली. चार महिने झाले त्याला. आता घरातली त्यांची खुर्ची त्यांनीच मोजून घेतलीय, आणि दुकानातली सगळी लेबलं खरी आहेत. (माझा धंदा वाढलाय. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.) आमच्या नटाला मी अजूनही बसवतो, पण सासरे जेवायला गेल्यावर.

परवा एक नव्या बाई आल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांचं माप घेतलं. मी खांबाला टेकून उभा होतो, कारण माझी खुर्ची गेल्यापासून मला दुकानात जागा नाही. बाईंनी हळूच विचारलं, "हे कोण?"

"जावई माझे," सासरे म्हणाले. "घरी एकट्याला करमत नाही त्यांना, म्हणून सोबत घेऊन येतो. तेवढाच वेळ जातो."

बाई कळवळल्या. "अहो, मग बसायला तरी द्या काहीतरी त्यांना!"

सासऱ्यांनी एकशे तीस खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"नको," म्हणाले. "विकायचा माल आहे."