टायर हुंगणारा मन्मथअप्पा

आमचा शेजारी मन्मथअप्पा टायर हुंगून बघतो. अहमदपुरात त्याचं किराणा दुकान आहे; तूर डाळ असो की हिंग, नाकाला विचारल्याशिवाय तो माल घेत नाही. जुन्या व्हॅनला टायर घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने लातुरात महागाचा टायर हुंगला, नांदेडात स्वस्तातला हुंगला, आणि माझ्या ओसरीवर येऊन टेकला.

"अक्का, दोन्हीचा वास सारकाच हाय की."

मी हसले. पण मला हसायचा काय अधिकार? नवी नवरी असताना मी यांच्या सायकलीच्या टायरांना चमक यावी म्हणून खोबरेल चोळायची. एकदा हे महादेवाच्या देवळासमोर सायकलीसकट आडवे झाले, आणि मी अकलेची खाण, वर विचारते, "पण टायर चमकत होते की नाही?"

अप्पाचं अडलं होतं लेकीपायी. शारदा जळकोटला दिलेली, पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी आणायची, तर तिच्या सासूने बजावलं, "त्या गुळगुळीत चाकांच्या गाडीत पोरीला पाठवणार न्हाई."

मग अप्पा गावभर विचारत सुटला. मेकॅनिक म्हणाला, महागाचेच घ्या. मोंढ्यातला अडत्या म्हणाला, गाडीच म्हातारी, तिला कशाला भारीचे जोडे? दोघांनाही अप्पाचं उत्तर एकच, "हाव, बराबर हाय."

मी सकाळी महागाचे सांगावेत, तर संध्याकाळी तो स्वस्ताचे गुण गाऊन मलाच गोंधळात पाडी. शेवटी बाजारात मी उभ्या गाड्यांची चाकं वाकून बघू लागले. एका ऑटोवाल्याने विचारलं, "आजी, काय पडलं का?"

काल मात्र मी वैतागले. "अप्पा, पुन्हा टायरचं नाव काढलंस तर चहा बंद. महागाचे घे आन् मोकळा हो."

"घेतलेत की, अक्का. सोमवारीच बसवले."

"मग रोज येऊन काय इचारून राहिलास?"

त्याने चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"शारदीला आणतो. पर घरात बाईमाणूस न्हाई. तिची माय असती तर… बाळाला न्हाऊ घालणं, शेक देणं, मला काय कळतंय? तुम्ही कराल का, इतकंच इचारायला येतो. आन् तोंडातून टायरच निघतंय."

मी उठले.

"बसून काय राहिलास? माळ्यावर शेगडी हाय, माझा हात पुरत न्हाई. काढ."